करदात्यांचे वाचनालय : ग्रामीण अमेरिकेतील काउंटी ग्रंथालयाचे एक वर्ष

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राज्याच्या खालोखाल जो प्रशासकीय घटक येतो, त्याला काउंटी म्हणतात. हा घटक आपल्याकडच्या जिल्ह्याची आठवण करून देणारा असला तरी दोहोंत मोठे अंतर आहे. काउंटीच्या शिरोभागी सरकारने नेमलेला जिल्हाधिकारी नसतो, लोकांनी निवडून दिलेले आयुक्तमंडळ असते, आणि रस्ते, तुरुंग, जमिनीच्या नोंदी, मतदारयाद्या यांच्या जोडीने कितीतरी ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयही याच मंडळाच्या कारभारात मोडते. देशात अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत (लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश आणि अलास्कात बरो म्हणतात), आणि त्यांतील निम्म्याहून अधिक काउंट्यांची लोकसंख्या तीस हजारांच्या आत आहे. क्षेत्रफळ अफाट, वस्ती विरळ, शेतावरची घरे एकमेकांपासून मैलमैल दूर, तरुण पिढी शहरांकडे निघून गेलेली, अशा मुलखात शाळा, चर्च आणि किराणा दुकान यांच्यानंतर लोकांनी एकत्र यावे अशी जी एखादी जागा उरते, ती बहुधा काउंटी ग्रंथालयाची असते.

या ग्रंथालयाची ओळख त्याच्या पुस्तकसंख्येपेक्षा त्याच्या कार्यक्रमपत्रिकेतून अधिक चांगली होते. दर महिन्याच्या आरंभी ग्रंथालयाच्या दारावर, टपाल कचेरीतल्या फलकावर आणि गावच्या साप्ताहिकात ही पत्रिका झळकते. तीत लहान मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, गोधडी शिवणाऱ्या बायकांची बैठक असते, प्राप्तिकराचे विवरणपत्र भरून देण्याची सोय असते, बियाण्यांची देवघेव असते, पुस्तकचर्चा असते, आणि त्याच ओळीत ग्रंथालयाच्या विश्वस्तमंडळाची, सर्वांना खुली असलेली मासिक सभाही असते. वरवर पाहता ही फुटकळ उपक्रमांची यादी वाटते, परंतु तिच्यामागची अर्थव्यवस्था ध्यानात घेतली की तिचा खरा अर्थ उलगडतो. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांच्या चालू उत्पन्नातील सुमारे ८५ टक्के वाटा स्थानिक करांतून येतो, राज्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आत असतो आणि केंद्र सरकारचा वाटा तर एक टक्क्याच्या आसपासच घुटमळतो. ज्या संस्थेचे पोट शेजाऱ्यांच्या घरपट्टीवर चालते, तिला शेजाऱ्यांना दर महिन्याला हिशेब द्यावाच लागतो, आणि कार्यक्रमपत्रिका हा त्या हिशेबाचा सर्वांत ठळक भाग होय. या लेखात त्या दृष्टीनेच काउंटी ग्रंथालयाचा उगम, त्याचे वर्षाचे चक्र, त्याच्या पैशाचे गणित आणि त्याचा मराठी मुलखाशी असलेला जुना संबंध यांचा विचार केला आहे.

पेटी, घोडागाडी आणि कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालये झपाट्याने उभी राहिली, आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याच्या देणग्यांनी त्या वाढीला जोर दिला. मात्र ही ग्रंथालये नगरांची होती. नगराचा कर भरणाऱ्याला पुस्तक मिळे आणि हद्दीबाहेरच्या शेतकऱ्याला ते एक तर मिळत नसे किंवा त्यासाठी वेगळी वर्गणी मोजावी लागे. यावरचा पहिला उपाय पेट्यांचा होता. मेल्विल ड्यूई हा न्यूयॉर्क राज्याचा ग्रंथालयप्रमुख असताना १८९३ पासून तेथे निवडक पुस्तकांच्या पेट्या गावोगावी पाठवल्या जाऊ लागल्या. गावकऱ्यांनी त्या काही महिने ठेवून घ्यायच्या आणि वाचून झाल्यावर परत करायच्या, अशी ती रीत होती. पेट्यांनी पुस्तके पोचली, पण ग्रंथालय पोचले नाही, कारण पेटीमागे ना इमारत होती, ना ग्रंथपाल, ना कायम स्वरूपाचा निधी.

ओहायो राज्यातील व्हॅन वर्ट काउंटीत ही उणीव भरून निघाली. तेथील जॉन सॅनफर्ड ब्रमबॅक या सावकाराने मृत्युपत्रात ग्रंथालयासाठी पैसा ठेवला होता. त्याच्या वारसांनी आणि काउंटीने मिळून ते ग्रंथालय एका नगरापुरते न ठेवता अख्ख्या काउंटीसाठी करातून चालवायचे ठरवले, राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी १८९८ मध्ये कायदा केला आणि १९०१ मध्ये ग्रंथालय उघडले. काउंटीच्या करातून चालणारे देशातले पहिले ग्रंथालय म्हणून त्याचा मान आजही सांगितला जातो.

त्याच वर्षी मेरीलँड राज्यातील वॉशिंग्टन काउंटीत हेगर्सटाउन या गावी दुसरे ग्रंथालय सुरू झाले आणि त्याची पहिली ग्रंथपाल मेरी टिटकम हिने ग्रामीण ग्रंथालयसेवेला नवे वळण दिले. तिने प्रथम किराणा दुकाने, टपाल कचेऱ्या, खेड्यातल्या घरांच्या ओसऱ्या अशा ठिकाणी पुस्तकांच्या पेट्या ठेवल्या, आणि अशा केंद्रांची संख्या साठाच्या वर गेली. तरीही आडवाटेची शेतघरे वंचितच राहत आहेत हे दिसताच तिने १९०५ मध्ये पुस्तकांची घोडागाडी रस्त्यावर आणली. गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेरून उघडणारी कपाटे होती, त्यांत सुमारे दोनशे पुस्तके मावत आणि आतल्या भागात केंद्रांना द्यायच्या पेट्या रचलेल्या असत. जोशुआ थॉमस हा ग्रंथालयाचा रखवालदारच ती हाकी. आरंभी गाडीला काळा रंग दिलेला होता, त्यामुळे काही शेतकऱ्यांनी ती प्रेत न्यायची गाडी समजून दारातूनच परतवून लावली, तेव्हा चाके आणि दारे लाल रंगवून घ्यावी लागली, असे टिटकमने नोंदवून ठेवले आहे. शेतकऱ्याने ग्रंथालयाची पायरी चढावी म्हणून वाट पाहण्याऐवजी ग्रंथालयानेच त्याच्या अंगणात जावे, घाई न करता दोन शब्द बोलावेत आणि त्याची आवड ओळखून पुस्तक हाती द्यावे, हा तिचा आग्रह होता. १९१० मध्ये रेल्वेफाटकावर मालगाडीच्या धडकेत ही गाडी मोडली आणि १९१२ मध्ये तिची जागा मोटारगाडीने घेतली. अमेरिकेतील फिरत्या ग्रंथालयांचा इतिहास या गाडीपासून मोजला जातो.

एका काउंटीत जमलेले काम राज्यभर नेण्याची वाट कॅलिफोर्नियाने दाखवली. राज्य ग्रंथपाल जेम्स गिलिस याच्या प्रयत्नांतून तेथे १९०९ मध्ये काउंटी ग्रंथालयांचा कायदा झाला आणि १९११ मध्ये तो सुधारून घेण्यात आला. नगरपालिका नसलेल्या भागांतून कर गोळा करून काउंटीने मोफत ग्रंथालय चालवावे आणि त्यावर पात्रता तपासून ग्रंथपाल नेमावा, ही त्याची मुख्य कलमे होत. कायदा झाला तरी काउंटी आपोआप पुढे येत नसे, म्हणून हॅरिएट एडी ही संघटक गावोगावी फिरून शेतकऱ्यांच्या आणि आयुक्तांच्या गाठी घेत असे.

महामंदीच्या काळात, १९३५ ते १९४३ या वर्षांत, केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात घोड्यांवरून आणि खेचरांवरून पुस्तके पोचवणाऱ्या स्त्रियांना केंद्राच्या रोजगार योजनेतून महिन्याला २८ डॉलर वेतन मिळे, मात्र जनावर त्यांचे त्यांनीच आणायचे असे. पुस्तके अपुरी पडत, तेव्हा पाककृती, गोधड्यांचे नमुने आणि मासिकांतली कात्रणे चिकटवून त्या वह्या तयार करत, आणि घरोघरी त्या वह्यांना मोठी मागणी असे. केंद्र सरकारने ग्रामीण ग्रंथालयांसाठी पहिला खास कायदा केला तो मात्र १९५६ मध्ये. दहा हजारांहून कमी वस्तीच्या ठिकाणांसाठी वर्षाला ७५ लाख डॉलरपर्यंतची तरतूद त्यात होती.

वर्षाचे चक्र

काउंटी ग्रंथालयाचे वर्ष शेतीच्या, शाळेच्या आणि सरकारी मुदतींच्या वेळापत्रकावर बेतलेले असते. जानेवारी ते एप्रिल हा प्राप्तिकराचा हंगाम. विवरणपत्राची मुदत १५ एप्रिलला संपते, आणि घरी धड इंटरनेट नसलेला शेतमजूर किंवा एकटी राहणारी पेन्शनर म्हातारी यांना ग्रंथालयातल्या टेबलाचाच आधार असतो; प्राप्तिकर खात्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले स्वयंसेवक ठरल्या दिवशी तेथे बसून अल्प उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रे विनामूल्य भरून देतात. याच महिन्यांत संगणकाची प्राथमिक शिकवणी, नोकरीचे अर्ज आणि पेन्शनीचे कागद यांची वर्दळ असते. टेक्सासमधील पॉट्सबरो या लहानशा गावाच्या ग्रंथालयाने तर एक खोली दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी राखून ठेवली. दवाखाना दूर आणि घरात इंटरनेट नाही अशा रुग्णाने दार लावून पडद्यावरून डॉक्टरांशी बोलावे, अशी ती सोय आहे.

बर्फ वितळू लागले की बियाण्यांचा उपक्रम येतो. ग्रंथसूचीच्या कार्डांसाठी पूर्वी वापरात असलेल्या, लहान लहान खणांच्या लाकडी कपाटात टोमॅटो, घेवडा, भोपळा, लेट्यूस यांच्या बियांच्या पुड्या नावानिशी लावून ठेवतात. सभासदाने पुडी न्यावी, परसात पेरावी आणि हंगामाअखेर निवडक रोपांचे बी धरून त्यातले थोडे परत आणून द्यावे. या साध्या उपक्रमालाही कायद्याचा फास लागला. पेनसिल्व्हेनियात कंबरलँड काउंटीतील मेकॅनिक्सबर्गच्या ग्रंथालयाला २०१४ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने कळवले की परत आलेल्या बियाण्याची उगवणक्षमता तपासल्याशिवाय ते वाटणे बियाणे कायद्यात बसत नाही. व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याला फसवू नये म्हणून केलेला नियम शेजाऱ्यांच्या देवघेवीवर येऊन आदळला होता. देशभर चर्चा झाली, काही राज्यांनी विनाव्यापार देवघेवीला सूट देणारे बदल केले, आणि पेनसिल्व्हेनियानेही पुढे अशा देवघेवीला तो नियम लागू नसल्याचे स्पष्ट केले. एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह येतो. १९५८ पासून चालत आलेला हा सप्ताह २०२६ मध्ये १९ ते २५ एप्रिल या दिवसांत आहे.

मात्र या पत्रिकेचा कळस उन्हाळ्यात असतो. शाळा जूनच्या सुमारास बंद होतात त्या ऑगस्टअखेरपर्यंत, आणि या मोठ्या सुट्टीत विशेषतः गरिबाघरच्या मुलांचे वाचन मागे पडते, हा शिक्षकांचा जुना अनुभव आहे. त्यावरचा उपाय म्हणजे उन्हाळी वाचन उपक्रम. १९८७ मध्ये मिनेसोटातील काही विभागीय ग्रंथालयांनी एकत्र येऊन या उपक्रमाचे साहित्य सामायिकपणे तयार करायला सुरुवात केली आणि आता बहुतेक राज्ये या सहकारी योजनेत आहेत. दर वर्षी एक सूत्र ठरते, भित्तिपत्रके आणि वाचननोंदीचे तक्ते एकाच ठिकाणी तयार होतात, आणि त्यामुळे एकुलत्या एक कर्मचाऱ्याच्या ग्रंथालयालाही मोठ्या शहरासारखा उपक्रम परवडतो. २०२५ चे सूत्र रंगांचे आणि कलेचे होते, तर २०२६ चे सूत्र जमिनीखाली दडलेल्या गोष्टींचे, म्हणजे जीवाश्म आणि उत्खनन यांच्याभोवतीचे आहे. मूल दररोज किती मिनिटे वाचले ते तक्त्यावर रंगवते, तक्ता भरला की त्याला स्वतःच्या मालकीचे एक पुस्तक मिळते, आणि दर आठवड्याला सापवाला, जादूगार, कठपुतळीवाला असा कोणी ना कोणी पाहुणा येतो. वाचताना अडखळणाऱ्या मुलाने शिकवलेल्या शांत कुत्र्यापुढे बसून मोठ्याने वाचावे, ही युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे १९९९ मध्ये सुरू झालेली पद्धतही अनेक काउंट्यांत रुळली आहे. कुत्रा चुका काढत नाही, एवढेच तिचे मर्म.

उन्हाळ्यातच ग्रंथालय जेवणही वाढते. शाळा बंद झाली की तेथले मोफत दुपारचे जेवण बंद होते, म्हणून केंद्राच्या कृषी खात्याच्या उन्हाळी आहार योजनेत ग्रंथालये वाटपकेंद्रे होतात. पूर्वी मुलांनी त्याच ठिकाणी बसून जेवले पाहिजे अशी अट होती आणि पंधरावीस मैलांवरून रोज कोणी येत नसल्याने ग्रामीण भागात ती जाचक ठरे; डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या कायद्याने ग्रामीण भागात डबा घरी नेण्यास कायमची मुभा दिली. मूल डब्यासाठी येते आणि पुस्तक घेऊन जाते, हे लक्षात घेऊन कार्यक्रमाची वेळ दुपारची ठेवतात. २०२६ च्या उन्हाळ्याला आणखी एक निमित्त आहे, ४ जुलैला अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेला २५० वर्षे पूर्ण होतात; जुन्या छायाचित्रांची जमवाजमव, वृद्धांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण आणि वंशावळी शोधण्याचे वर्ग अशा कामांना त्यामुळे वेगळे महत्त्व येते.

जुलै ते सप्टेंबर हा काउंटीच्या जत्रेचा काळ. तीत वासरे, मेंढ्या, लोणची, मुरंबे आणि गोधड्या यांच्या स्पर्धा होतात, आणि कृषी विस्तारसेवेच्या (म्हणजे १९१४ च्या कायद्याने विद्यापीठाचे शेतीज्ञान गावापर्यंत पोचवणाऱ्या यंत्रणेच्या) आश्रयाने चालणाऱ्या मुलांच्या 'फोर-एच' मंडळांची प्रदर्शने भरतात. ग्रंथालयाची गाडी किंवा मांडव तेथेही लागतो. सप्टेंबरात नवी सभासदनोंदणी, शरद ऋतूत ग्रंथालय-मित्रमंडळाची जुन्या पुस्तकांची विक्री, जिच्या शेवटच्या दिवशी पिशवीभर पुस्तके एकाच ठोक किमतीत सुटतात, आणि थंडी पडली की विणकाम, गोधड्या नि पुस्तकचर्चा, असा हा क्रम पुन्हा जानेवारीशी येऊन मिळतो. टेनेसी राज्यातील सेव्हियर काउंटीची लेक, गायिका डॉली पार्टन हिने १९९५ मध्ये आपल्या काउंटीपुरती सुरू केलेली योजनाही याच चक्राचा भाग झाली आहे; जन्मापासून पाच वर्षांच्या वयापर्यंत प्रत्येक मुलाच्या नावे दरमहा एक पुस्तक टपालाने धाडणाऱ्या या योजनेने आता वीस कोटींहून अधिक पुस्तके वाटली आहेत. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे या दानामागचे कारण तिने स्वतःच सांगितले आहे.

मतपेटीतून येणारा पैसा

हे सारे ज्या पैशावर चालते तो मतपेटीतून येतो. काही राज्यांत काउंटी आपल्या सर्वसाधारण निधीतून ग्रंथालय चालवते, तर काही राज्यांत ग्रंथालयापुरता वेगळा कर-विभाग स्थापन होतो. अशा विभागाला स्वतःची हद्द, स्वतःचे विश्वस्त आणि मालमत्तेवर ठरावीक दराने कर बसवण्याचा अधिकार असतो, मात्र तो स्थापन करायला मतदारांची संमती लागते. हा कर नाकारला गेला तर काय होते, याचा धडा ऑरेगन राज्याने दिला आहे.

ऑरेगनच्या पश्चिमेकडील काउंट्या वर्षानुवर्षे जंगलावर पोसल्या गेल्या. तेथली विस्तीर्ण जंगले केंद्र सरकारच्या मालकीची असल्याने त्यांवर मालमत्ता कर लागत नाही, म्हणून १९३७ च्या कायद्याने लाकूडविक्रीच्या उत्पन्नात काउंट्यांना मोठा वाटा दिला, आणि त्यामुळे लोकांच्या घरांवरचे कर अगदी कमी ठेवता आले. १९९० मध्ये या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेदार घुबडाला संरक्षण मिळून झाडतोड घटली, १९९४ च्या वनआराखड्याने ती आणखी आटली, २००० पासून केंद्राने भरपाईचे पैसे दिले पण तेही पुढे रोडावत गेले. परिणामी जॅक्सन काउंटीने एप्रिल २००७ मध्ये आपली सर्व १५ ग्रंथालये एकदम बंद केली, ती काही महिन्यांनी उघडली. शेजारच्या जोसेफिन काउंटीची ग्रंथालये त्याच वर्षीच्या मे महिन्यात बंद झाली. डग्लस काउंटीने काही वर्षे तग धरला, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांपुढे स्वतंत्र ग्रंथालय-विभागाचा प्रस्ताव ठेवला. कराचा दर हजार डॉलर मूल्यांकनामागे ४४ सेंट होता, म्हणजे दीड लाख डॉलरच्या घराला वर्षाला ६६ डॉलर. मतदारांनी तो फेटाळला. २०१७ च्या वसंतात दहा शाखा बंद झाल्या आणि मे अखेरीस रोझबर्गचे मुख्य ग्रंथालयही बंद झाले.

यानंतरचा भाग अधिक बोधप्रद आहे. डग्लसमधल्या लहान गावांनी स्वयंसेवकांच्या बळावर आपापल्या शाखा हळूहळू पुन्हा उघडल्या आणि रोझबर्ग नगराने स्वतःचे ग्रंथालय सुरू केले. जोसेफिन काउंटीत तर नागरिकांनी विनानफा संस्था काढून डिसेंबर २००८ मध्ये पहिले ग्रंथालय उघडले, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर ते जवळजवळ दहा वर्षे चालवले, मुलांचे गोष्टींचे तास आणि उन्हाळी वाचन खंडू दिले नाही, आणि आधीचे प्रस्ताव फेटाळले गेल्यानंतरही २०१७ मध्ये हजारामागे ३९ सेंटांचा कर मतदारांकडून मंजूर करून घेतला. डग्लसने नकार दिला आणि जोसेफिनने होकार दिला त्या दोन मतदानांत जेमतेम काही महिन्यांचे अंतर आहे, आर्थिक स्थितीही फारशी वेगळी नाही. फरक शोधायचा तर तो हाच की जोसेफिनच्या मतदारांनी ग्रंथालय गमावणे म्हणजे काय ते अनुभवले होते आणि शेजाऱ्यांनी ते कसे उभे केले हेही पाहिले होते.

लोकांच्या हाती किल्ली असली की लोकांची भांडणेही आत येतात. वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया काउंटीत डेटन गावच्या ग्रंथालयातील लैंगिकतेविषयीच्या व वंशभेदाविषयीच्या मुलांच्या पुस्तकांवरून वाद पेटला आणि २०२३ मध्ये ग्रंथालय-विभागच विसर्जित करण्याचा प्रस्ताव मतदानापर्यंत आला. नगराबाहेरच्या मतदारांनाच त्यात मत देता येणार होते आणि कर भरणाऱ्या नगरवासीयांना नाही, यासह अन्य कारणांनी न्यायालयाने तो रोखला. टेक्सासमधील लॅनो काउंटीत काही पुस्तके काढून टाकल्यावरून वाचक न्यायालयात गेले. खटला चालू असताना आयुक्तांनी ग्रंथालयेच बंद करण्याचा विचार केला, तो एप्रिल २०२३ मध्ये सोडून दिला, आणि मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. केंद्राच्या मदतीचीही खात्री राहिलेली नाही. ग्रंथालयांना अनुदान देणारी केंद्रीय संस्था किमान पातळीवर आणण्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये निघाला आणि त्याविरुद्ध राज्ये न्यायालयात गेली. केंद्राचा वाटा लहान असला तरी राज्यभरची पुस्तकांची देवघेव आणि ई-पुस्तकांची वर्गणी बहुधा त्यातूनच भागते, म्हणून त्याचा फटका सर्वांत लहान ग्रंथालयांना आधी बसतो.

हेगर्सटाउन ते बडोदे

अमेरिकेतील या चळवळीचे लोण मराठी राज्यकर्त्याच्या हातून भारतात आले. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे केले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. शाळेत शिकलेले अक्षर पुढे टिकायचे तर गावात वाचायला काही हवे, हे त्यांनी हेरले. कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास आणले, महाराजांच्या स्वतःच्या संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथांतून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि गावोगावी पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. निरक्षरांसाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रे दाखवणारा विभागही होता, म्हणजे ग्रंथालयाने कार्यक्रम करावेत ही कल्पना तेथे आरंभापासूनच रुजलेली होती. १९१२ पासून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची होती: गावाने जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा तीन समान वाट्यांचा नियम होता. गावाचा वाटा आल्याखेरीज सरकारचा वाटा सुटत नसे, त्यामुळे ग्रंथालय गावाचेच राही.

ग्रंथालयाचा कायदा करण्यातही मराठी मुलूख मागे नव्हता. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये तो केला, आणि करासह ग्रंथालयाची तरतूद करणारा मद्रासचा कायदा १९४८ मध्ये आला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ मध्ये झाला, परंतु त्याने ग्रंथालय कर लावला नाही. लोकांनी स्थापन केलेल्या वाचनालयांना मान्यता द्यायची, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करायची आणि त्या वर्गानुसार परिरक्षण अनुदान द्यायचे, हा मार्ग त्याने पत्करला. या मार्गाने हजारो गावांत वाचनालये झाली हे खरे, पण त्यांचे डोळे अनुदानाच्या हप्त्याकडे लागले आणि गावाशी असलेले हिशेबाचे नाते सैल पडत गेले. ड वर्गातील वाचनालयाने गोष्टींचा तास ठेवला काय आणि न ठेवला काय, त्यावरून गावात कोणी हात वर करत नाही की खाली घेत नाही.

तरीही मराठी वाचनालयांची स्वतःची कार्यक्रमपत्रिका आहे, आणि ती कमी समृद्ध नाही. दिवाळीनंतर ठरावीक शुल्क भरून महिना-दोन महिने सगळे अंक आळीपाळीने वाचायला देणारी दिवाळी अंक योजना, नोव्हेंबरातला ग्रंथालय सप्ताह, थंडीतली व्याख्यानमाला, जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, हा क्रम अनेक गावांत पाळला जातो. उणीव आहे ती दोन गोष्टींची. यांतले बरेचसे कार्यक्रम आधीच वाचनाची गोडी असलेल्यांसाठी होतात, आणि पेरणी, पीक विमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, सुट्टीत रिकामी फिरणारी मुले हे गावाचे खरे वेळापत्रक त्यांत उमटत नाही. शिवाय कार्यक्रम झाल्याचा अहवाल वर जातो, गावापुढे येत नाही.

यासाठी नवा कायदा होईपर्यंत थांबायचे कारण नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय आहेत आणि त्यांतला विसावा विषय 'ग्रंथालये' हाच आहे. तेव्हा ज्या वाचकांच्या गावात वाचनालय आहे त्यांनी येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर दोन बाबी मांडाव्यात: वाचनालयाचा पुढील वर्षाचा महिनावार कार्यक्रम, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतून द्यायची रक्कम. रक्कम लहान असली तरी चालेल. ती गावाने ठरवलेली असली पाहिजे आणि वर्षाअखेर तिचा हिशेब त्याच ग्रामसभेत मागितला गेला पाहिजे.